फसवलं कोणी आणि चिडायचं कोणी? मालिकांवरची तुमची पत्रं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की मालिकेतल्या कुठल्या जोडीत विश्वास मोडला तेव्हा तुम्हाला खरंच लागलं. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सअपवर तर लोकांनी व्हॉइस मेसेज पाठवले, बहुतेक सगळे मुंबई-ठाण्यातून. नाव छापू नका असं जवळजवळ प्रत्येकाने लिहिलंय म्हणून फक्त ठिकाण देतेय.

प्रश्न: ताई, 'तुला पाहते रे' संपून इतकी वर्षं झाली तरी माझा राग जात नाही. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका एकत्र बसून बघायच्या, ईशा पण चाळीतलीच ना, म्हणून जास्तच आपली वाटायची. विक्रांतवर इतका जीव लावला आणि लग्न झाल्यावर कळतं की हा माणूस खुनी आहे. घरचे म्हणतात मालिका आहे, सोड. पण मला वाटतं ईशाच्या आधी माझीच फसवणूक झाली. हे वेड आहे का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर: अजिबात वेड नाही हो. तुमची फसवणूक खरंच झाली होती आणि ती लिहिणाऱ्यांनी ठरवून केली होती. आठवून बघा, ऑगस्ट २०१८ला मालिका सुरू झाली तेव्हापासून कित्येक महिने आपल्याला काय दाखवलं, तर विक्रांत सरंजामे एवढा मोठा उद्योगपती पण बोलायला साधा, ईशाच्या आईबाबांसमोर अदबीने बसणारा, आपलं वय जास्त आहे म्हणून स्वतःच मागे मागे राहणारा. वयातलं अंतर हीच काय ती अडचण असं आपल्याला वाटत राहिलं, लेडीज डब्यात पण तोच विषय, चाळिशी ओलांडलेला माणूस आणि विशीतली मुलगी, बरं दिसतं का हे. आणि त्या वादात तुमच्यामाझ्यासारख्या हजारो बायकांनी विक्रांतची बाजू घेतली! एकदा एखाद्याची बाजू घेऊन चार लोकांशी भांडलं ना की मग त्याच्यावर संशय घेणं फार जड जातं. मला वाटतं मालिकेची खरी हुशारी तिथेच होती, वयाच्या वादात आपल्याला इतकं गुंतवून ठेवलं की हा माणूस कोण, कुठला, याची पहिली बायको कशी गेली हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही.

त्यात विक्रांत म्हणून समोर सुबोध भावे. बालगंधर्व केलेला, लोकमान्य टिळक केलेला नट, आणि ही मालिका चालू असतानाच नोव्हेंबर २०१८मध्ये मोठ्या पडद्यावर काशिनाथ घाणेकर म्हणून पण आला. त्या चेहऱ्यावर आपण आधीच विश्वास टाकून बसलो होतो, मालिकेला तो वेगळा कमवावा लागलाच नाही. मग जानेवारी २०१९मध्ये लग्न लागलं, सगळ्यांनी हौसेने पाहिलं, आणि त्यानंतर हळूहळू कळायला लागलं की विक्रांत सरंजामे हा मुळात गजा पाटील आहे आणि पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा जीव त्यानेच घेतलाय. याच गोष्टीवर नंतर कन्नड, तेलुगू, तमिळमध्ये पण मालिका झाल्या, म्हणजे असा जीव लावणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

पण ताई म्हणून विचारताय तर माझी स्वतःची तक्रार सांगते, ती वेगळी आहे. विक्रांत वाईट निघाला याचं मला काही नाही, तशी गोष्ट लिहायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. ईशा ही राजनंदिनीचाच पुनर्जन्म निघते ना, तिथे माझा जीव तुटला. कारण त्यानंतर जी चिडते, जी सूड घ्यायला उठते ती राजनंदिनी आहे. मग ईशाचं काय? जी मुलगी घरच्यांची नाराजी सोसून, चाळीतली बोलणी ऐकून या माणसाच्या घरात गेली, तिला या जन्मात, याच घरात रोज खोटं सांगितलं गेलं. खून वगैरे सगळं बाजूला ठेवा, नवरा म्हणून तो तिच्याशी पहिल्या भेटीपासून खोटं बोलला एवढी एकच गोष्ट तिच्या रागाला पुरेशी होती. तो राग तिला मिळालाच नाही, तो मागच्या जन्मातल्या बाईला देऊन टाकला. ईशा करणारी गायत्री दातार तेव्हा नवीन होती पण तिने तो सीन केला असता असं मला मनापासून वाटतं, ज्यात ईशा, फक्त ईशा, निमकरांची मुलगी, समोर बसून विचारते की मला भेटलास तेव्हापासून आजपर्यंत एक तरी गोष्ट खरी होती का. तुमचा राग जात नाही म्हणता, तर मला वाटतं तो जात नाही कारण तो ईशाचा आहे आणि मालिकेत त्याला बोलायलाच मिळालं नाही.

प्रश्न: आमच्या घरी 'माझ्या नवऱ्याची बायको'वरून अजून भांडण होतं. मिस्टर म्हणतात राधिकाने पहिल्या महिन्यातच घटस्फोट घेऊन मोकळं व्हायचं, एवढी वर्षं काय गुरुनाथच्या मागे. मला राधिकाच पटते. तुम्ही सांगा कोण बरोबर. (एक वाचक, दहिसर)

उत्तर: मिस्टरांना सांगा की पहिल्या महिन्यात कायद्यानेच होत नाही. दोघांच्या संमतीने घ्यायचा म्हटला तरी आधी वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, मग अर्ज, मग सहा महिने थांबायचं, आता हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं असं सुप्रीम कोर्टाने २०१७मध्ये सांगितलंय पण सरसकट नाही. आणि गुरुनाथसारखा नवरा संमती कशाला देईल! मग वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात तारखा, ते वेगळंच. अजून एक, ही मालिका चालू असतानाच सप्टेंबर २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने व्यभिचाराचं ४९७ कलम रद्द केलं, तेव्हा बऱ्याच जणींना वाटलं की आता नवऱ्याने काहीही केलं तरी चालतं. तसं नाहीये. तुरुंगात टाकणारा गुन्हा राहिला नाही इतकंच, हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण म्हणून ते आजही आहे.

आता गोष्टीबद्दल. इथे आपल्यापासून लपवलेलं काहीच नव्हतं, नावातच सगळं सांगून टाकलंय, गुरुनाथची बाहेरची मैत्रीण शनाया पहिल्यापासून आपल्याला माहीत. माहीत नव्हतं ते एकट्या राधिकाला. त्यामुळे ती डबा भरताना, नागपुरी बोलीत गुरुनाथची काळजी करताना बघून पोटात तुटायचं, अनिता दातेने ते फार खरं केलं होतं, मी तर टीव्हीला सांगायचे अगं बघ ना त्याचा फोन. आणि कळल्यावर ती रडत बसली नाही, मसाल्याचा धंदा उभा केला, स्वतःच्या पायावर उभी राहिली, तो भाग मला आजही या मालिकेतला सगळ्यात चांगला वाटतो.

पण नंतर मात्र मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूला थोडी सरकते. ऑगस्ट २०१६ ते मार्च २०२१, साडेचार वर्षांच्या वर मालिका चालली, आणि पुढे पुढे राधिकाचं मोठं होणं हे गुरुनाथला धडा शिकवण्यासाठीच आहे असं व्हायला लागलं. कंपनी तीनशे कोटींची झाली, सौमित्रसारखा चांगला माणूस आयुष्यात आला, तरी आज गुरुनाथची कशी जिरली हेच बघायला आपण आठ वाजता बसायचो. डेली सोपचं हे असंच असतं, आठवड्याचे प्रेक्षकसंख्येचे आकडे चांगले आहेत तोवर गोष्ट संपवणार कोण, आणि आकडे गुरुनाथच्या फजितीला मिळत होते. शनाया करणारी रसिका सुनील मध्ये शिकायला अमेरिकेला गेली, ईशा केसकर आली, मग परत रसिका आली, चेहरे बदलले तरी तिघांचा खेळ तोच. माझं मत विचाराल तर राधिकाने घर सोडलं ते बरोबर, धंदा उभारला ते तर फारच बरोबर, पण तिचा राग संपायला लेखकांनी जागाच ठेवली नाही आणि त्यात तिचा तोटा झाला.

प्रश्न: 'आई कुठे काय करते' बघताना मी संजनाला इतक्या शिव्या घातल्यात की विचारू नका. पण पुढे अनिरुद्ध तिच्याशी पण तसाच वागायला लागला तेव्हा मला तिचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. असं का व्हावं? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: तुमच्या मनाने बरोबर ओळखलंय म्हणून झालं, त्यात स्वतःवर रागवू नका.

आपण संजनावर जास्त का चिडलो ते आधी बघूया. अरुंधतीचा पंचवीस वर्षांचा संसार, आणि त्यात विश्वास एकाच वेळी दोन माणसांनी तोडला, नवऱ्याने, अनिरुद्धने तर तोडलाच पण घरात येऊन-जाऊन असलेल्या, अरुंधतीच्या हातचं जेवलेल्या संजनाने पण. नवऱ्याचं असं काही ऐकायची बायकांच्या मनाची कुठेतरी तयारी असते, खरंतर नसायला हवी पण पिढ्यान्पिढ्या ऐकून ऐकून झालीये. ओळखीच्या बाईकडून मात्र ती अपेक्षा नसते, म्हणून ते जास्त झोंबतं. माझ्याकडे आलेल्या पत्रांत अनिरुद्धला चार ओळी आणि संजनाला दोन पानं असाच हिशोब आहे, आणि मला हे पटत नाही, स्पष्ट सांगते. अरुंधतीसोबत सात फेरे घेतले ते अनिरुद्धने. आई-अप्पांसमोर, तीन मुलांसमोर खोटा चेहरा घेऊन वावरला तो अनिरुद्ध. संजनाची चूक आहेच, तिचंही लग्न झालेलं होतं, तिनेही एक घर फसवलं, पण घरात राहून रोज खोटं जगायचं काम त्याचं होतं आणि सगळ्यात कमी शिव्या त्यालाच.

मग ती त्याची बायको झाली आणि तेच खोटं, तोच तुसडेपणा तिच्या वाट्याला आला. तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं कारण तुम्हाला दिसलं की यात अरुंधतीत काही कमी नव्हतं, ती इंग्रजी बोलत नाही म्हणून झालं नाही, साधी राहते म्हणून झालं नाही. स्मार्ट, कमावती, नीटनेटकी संजना आली तरी तो तसाच वागला. कित्येक बायका आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून वर्षानुवर्षं स्वतःला खात बसतात, त्यांच्यासाठी संजनाचं ते दुःख फार मोलाचं होतं असं मला वाटतं. रूपाली भोसलेने ते नुसतं व्हिलनसारखं न करता माणसासारखं केलं म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं.

आणि मधुराणीची अरुंधती सूड घेणारी नव्हती, हे मला राधिकापेक्षा जास्त आवडलं. ती चिडली, बोलली, वेगळी झाली, गाणं परत सुरू केलं, आशुतोषसारखा कॉलेजचा मित्र आयुष्यात आला. सासरे सुनेच्या बाजूने उभे राहिले हे तर आपल्याकडे दाखवायलाच हवं होतं. मुळात ही गोष्ट बंगालीतल्या 'श्रीमोयी'वरून आलेली, त्याच गोष्टीची हिंदीत 'अनुपमा' झाली, आणि बंगालीत तर त्या दुसऱ्या बाईला, जून आंटीला, लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. मराठीत डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ चालली, शेवटी शेवटी भरकटली हे मान्य, पण संजनाचं वाईट वाटायला लावलं हे तिचं मोठं काम आहे.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. 'ठरलं तर मग'मध्ये सायली आणि अर्जुन एकमेकांशी खोटं बोलत नाहीत, दोघांनी ठरवून कॉन्ट्रॅक्ट मॅरेज केलं. मग यात विश्वासघात कसा? आई म्हणते आहेच. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: आईचं बरोबर. त्या दोघांनी एकमेकांना फसवलं नाही पण घराला फसवलं. ज्या आजीने, सासूने सायलीला खरी सून म्हणून जवळ केलं त्यांना आपण काय खरं मानून बसलोय हेच माहीत नव्हतं. हेतू चांगला होता, सायलीला वाढवणाऱ्या मधुभाऊंना तुरुंगातून सोडवायचं होतं, ते सगळं खरं, पण ज्याला अंधारात ठेवलं त्याला हेतू नंतर कळतो आणि खोटं आधी लागतं. आणि एक गंमत नाही पण महत्त्वाची गोष्ट, अर्जुन वकील आहे म्हणून सांगते, आपल्याकडे ठरावीक मुदतीचं लग्न असं काही नसतंच. विधी झाले की लग्न झालं, कॉन्ट्रॅक्टचा कागद फाडला काय नि ठेवला काय. उलट लग्नाला वर्ष व्हायच्या आत घटस्फोटाचा अर्जसुद्धा सहसा करता येत नाही. मैत्रिणी-मैत्रिणींत कोणी असलं काही ठरवत असेल तर हे तिला नक्की सांग.

प्रश्न: मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. 'रंग माझा वेगळा' बघताना आमच्या लॅबमधले सगळे ओरडायचे, अरे कार्तिक तू स्वतः डॉक्टर आहेस, एक डीएनए टेस्ट कर आणि संपव. दीपाचा काय दोष? एवढी साधी गोष्ट लेखकांना कळू नये? (एक वाचक, परळ)

उत्तर: हा प्रश्न तर घराघरांतून विचारला गेलाय. कार्तिकला कोणीतरी पटवलं की तू बाप होऊच शकत नाहीस, मग दीपाच्या पोटातलं मूल कोणाचं, आणि त्या एका संशयावर संसार मोडला, जुळ्या मुली दोन घरांत वाढल्या. टेस्ट केली असती तर मालिका सप्टेंबर २०२३पर्यंत गेलीच नसती, हे सरळ कारण आहे आणि तुमच्या लॅबमधल्यांचं चिडणं योग्य आहे. डॉक्टर असलेल्या माणसाने एका रिपोर्टवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा आणि बायकोच्या शब्दावर अजिबात नाही, हे मलाही पचलं नाही.

पण जरा पुढचा विचार करूया. समजा त्याने टेस्ट केली, मुली त्याच्याच निघाल्या, आला परत दीपाकडे, म्हणाला सॉरी, रिपोर्ट बघितला. दीपाने काय करायचं? त्याचा विश्वास तर कागदावर बसला, तिच्यावर कुठे बसला. काळ्या रंगावरून आयुष्यभर बोलणी खाल्लेली मुलगी, तिला या एका माणसाने तुझा रंग मला दिसत नाही म्हणून जवळ केलं आणि त्यानेच तिच्या चारित्र्यावर बोट ठेवलं. या जोडीत बाहेर कोणी अफेअर केलं नाही तरी माझ्या मते विश्वास सगळ्यात वाईट इथे मोडलाय आणि तो कार्तिकने मोडलाय. बाकी मालिकांत बायकोला पुरावा सापडतो, इथे बायकोकडूनच पुरावा मागितला.

खऱ्या आयुष्यात कायदा या बाबतीत कार्तिकपेक्षा शहाणा आहे. लग्नात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच असं आपला पुराव्याचा कायदा धरून चालतो, आणि फेब्रुवारी २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने परत सांगितलं की नवरा-बायकोच्या भांडणात मुलाची डीएनए टेस्ट सहजासहजी करायला लावायची नाही, त्यात मुलाचं नुकसान होतं. तुमच्याकडे असे संशयाने पछाडलेले बाप येत असतील, मला कल्पना आहे.

प्रश्न: ताई, माझं मालिकेचं नाही, खरं आहे. लग्नाला बारा वर्षं झाली. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी सोसायटीचे कागद आहेत म्हणून माझ्या सह्या घेतल्या आणि आता रिकव्हरीवाले घरी आले तेव्हा कळलं की फ्लॅटवर कर्ज काढलंय. पैसे कुठे गेले सांगत नाही. मला राग येत नाहीये, नुसती लाज वाटते की मी न वाचता सही कशी केली. माहेरी पण सांगितलं नाही. (एक वाचक, नालासोपारा)

उत्तर: लाज तुम्ही बाळगायची नाही, खोटं त्याने सांगितलं. बारा वर्षं संसार केलेल्या माणसाने सोसायटीचा कागद म्हटल्यावर कुठली बाई वकील बोलवून वाचून घेते? विश्वास ठेवला हा तुमचा गुन्हा नाही. राग आज नसेल येत, येईल, आणि आला की तो दाबू नका, तो तुमचा हक्काचा आहे. वर मी ईशाबद्दल एवढं लिहिलं ते याच्यासाठीच.

आता कामाचं. माहेरी निदान एका माणसाला आजच सांगा, एकट्याने हे झेपत नाही. मग ज्यांचं कर्ज आहे त्यांच्याकडे लेखी अर्ज देऊन कर्जाच्या सगळ्या कागदांची कॉपी मागा, तुमची सही आहे म्हणजे तुम्ही पण कर्जदार किंवा जामीनदार असणार, तेव्हा कागद मागायचा हक्क तुमचाही. स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, ती ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात तुमच्या नावावर अजून काही कर्ज आहे का ते दिसेल. नोंदणी ऑफिसातून फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, पण काढून ठेवा.

वकिलाला पैसे कुठून आणू असं वाटत असेल तर, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना वकील फुकट मिळतो, तुमचं उत्पन्न कितीही असो. तुमच्यासाठी कुठलं ऑफिस लागेल ते १५१०० नंबरला फोन करून विचारा, ते सांगतात. २००५चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त मारहाणीचा आहे असं लोक समजतात, पण बायकोला पैशाच्या बाबतीत असं नागवणं पण त्यात येतं, राहत्या घरातून तुम्हाला बाहेर काढू नये असा आदेश त्यात मागता येतो. घरात आवाज चढायला लागले, भीती वाटली, तर १८१ ही महिला हेल्पलाइन रात्री-अपरात्री पण चालते.

रिकव्हरीवाले परत आले तर दारातच ओळखपत्र आणि लेखी नोटीस मागा, तोंडी काही कबूल करू नका. कागद हातात आले की मला परत लिहा, आमच्याकडे एक वकीलताई आहेत, त्यांना दाखवून पुढचं सांगते. आणि तोपर्यंत कुठल्याही नव्या कागदावर सही करायची नाही, अगदी घाईच्या वेळी, डबा भरताना पुढ्यात ठेवला तरी.